घरावर सोलर कर्ज काढून बसवावं का? (पीएम सूर्यघर, अनुभव हवेत)

बार्शीकर
नमस्कार मंडळी,
आई-बाबा बार्शीला असतात, मी पुण्यात. स्वतःचं जुनं घर आहे, वर स्लॅब आहे. वीज हिवाळ्यात महिन्याला १६०-१७० युनिट आणि एप्रिल-मे मध्ये ३०० च्या आसपास जाते, म्हणजे बिल सतराशे ते साडेतीन हजार. मागच्या आठवड्यात एक सोलरवाला घरी येऊन गेला आणि बाबांना सांगून गेला की पीएम सूर्यघर या केंद्राच्या घरगुती सोलर सबसिडी योजनेत ३ किलोवॅट बसवा, २ लाख १० हजार होतील, बँक विनातारण कर्ज देते, ७८ हजार सबसिडी मिळते, आणि "काका, बिल भरता तेवढाच हप्ता बसेल, नंतर सगळं फुकट". बाबा एकदम खुश, आधार-पॅनच्या झेरॉक्स पण काढून ठेवल्यात.
सोलर मला पण हवंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सरकारची योजना, बँकेचं कर्ज आणि खाजगी ठेकेदार असे तिघे एकत्र आले की नक्की कोण कशाला जबाबदार हेच कळत नाहीये. ज्यांनी कर्ज काढून बसवलंय त्यांनी कृपया लिहा, खास करून जे आधी कोणी सांगितलं नाही आणि नंतर कळलं ते.

गच्चीकर
घ्या बिनधास्त. आमचं बिल दीडशेवर आलंय. बाकी चर्चा होत राहील.

स्नेहल_क
गच्चीकर, तुम्ही कर्ज काढलं होतं की रोख?

गच्चीकर
रोख.

स्नेहल_क
मग तुमचा अनुभव वेगळा हो. प्रश्न कर्जाचा आहे. आमच्या सासऱ्यांचं सांगते, सांगली जिल्ह्यातलं गाव. कर्ज मंजूर झालं, पॅनल चढले, बँकेने पैसे थेट सोलरवाल्याच्या खात्यात टाकले. सगळे पैसे. त्यानंतर त्याने फोन उचलणंच कमी केलं. नेट मीटरचा (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर) अर्ज अर्धवट, त्यामुळे सिस्टीम बसलेली पण चालू नाही, चालू नाही म्हणून सबसिडी नाही, आणि हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू. म्हणजे सासरे जुनं पूर्ण बिल पण भरतायत आणि हप्ता पण भरतायत. त्या माणसाने सांगितलेलं "बिलाएवढाच हप्ता", झालं बिल अधिक हप्ता. उन्हाळा सगळा असाच गेला. शेवटी माझे दीर रजा काढून गेले आणि वीज ऑफिसात स्वतः बसून ते काम करून घेतलं.

माळरान
+१ स्नेहल. बहुतेक तक्रारींचं मूळ हेच आहे, पैशाचा क्रम. पॅनल चढवणं दोन-तीन दिवसांचं काम आहे आणि ते सगळ्यांना दिसतं. खरं काम त्यानंतरचं, वीज कंपनीची तपासणी, नेट मीटर, पोर्टलवर चढवायचे फोटो आणि पॅनलचे नंबर, मग सिस्टीम चालू झाल्याचा कमिशनिंग रिपोर्ट, मग सबसिडीची मागणी. ठेकेदाराला पैसे पहिल्या टप्प्यात मिळाले की नंतरच्या कामात त्याचा जीव राहत नाही.

शाखाधिकारी_निवृत्त
मी बँकेत होतो, अलीकडेच निवृत्त झालो, ही कर्जं मी स्वतः मंजूर केली आहेत. तेव्हा बँकेची बाजू नीट मांडतो.
३ किलोवॅटपर्यंत २ लाखांपर्यंतचं कर्ज विनातारण आहे, व्याज रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक अर्धा टक्का. २०२४ च्या सुरुवातीला रेपो साडेसहा होता तेव्हा हे ७ टक्के पडायचं, २०२५ मध्ये रेपो खाली आला तसा दर ६ च्या आसपास आला. पर्सनल लोनच्या तुलनेत फारच स्वस्त, त्यात शंका नाही. पण हा दर रेपोला बांधलेला आहे, म्हणजे दहा वर्षांत वर पण जाऊ शकतो हे आई-बाबांना सांगा. साधारण १० टक्के रक्कम आपल्याला घालावी लागते. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून होतो.
आता महत्त्वाचं. विनातारण म्हणजे घर गहाण नाही इतकंच. कर्ज वैयक्तिकच आहे. पॅनल बंद पडले, ठेकेदार पळाला, सबसिडी अडली, तरी बँक तुमच्याकडेच हप्ता मागणार आणि हप्ता चुकला तर सिबिल तुमचंच खराब होणार. लोक मला केबिनमध्ये येऊन म्हणायचे "साहेब सरकारी योजना आहे ना, मग सरकार बघेल की". सरकार सबसिडी देतं. कर्जाची हमी तुमच्या वतीने सरकारने घेतलेली नाही. हा गैरसमज इतका खोल आहे की मी प्रत्येक सही आधी हे वाक्य म्हणायचो.
दुसरं. शाखांवर या कर्जाचं टार्गेट असतं, कारण २०२६-२७ पर्यंत १ कोटी घरं असं योजनेचं लक्ष्य आहे. त्यामुळे ठेकेदाराचं बिल आलं की पैसे सोडायची घाई होते. कर्जदार म्हणून तुम्ही लेखी सांगू शकता की माझ्या संमतीशिवाय शेवटचा भाग सोडू नका. मागितलंत तर चांगला मॅनेजर ऐकतो.

बार्शीकर
साहेब खूप धन्यवाद, हे "सरकारी योजना आहे ना" बाबा शब्दशः असंच म्हणाले काल फोनवर.

टेम्सकाठची
मी इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. इथे हा प्रकार आधीच होऊन गेलाय म्हणून लिहिते. २०१३ च्या जानेवारीत इथल्या सरकारने ग्रीन डील नावाची योजना आणली. घराला इन्सुलेशन करा, बॉयलर बदला, सोलर लावा, आत्ता पैसे देऊ नका, कर्ज विजेच्या बिलातून फेडा. त्याला एक नियम होता, गोल्डन रूल म्हणायचे, की हप्ता अंदाजे होणाऱ्या बचतीपेक्षा जास्त असता कामा नये. ऐकायला किती छान. पण बचत धरलेली होती सरासरी घराची. जी एकटी आजी दोनच खोल्या गरम करते आणि अंगात तीन स्वेटर घालून बसते तिची मुळात तेवढी बचत होणारच नव्हती, कारण ती तेवढं जाळतच नव्हती. हप्ता मात्र ठरलेला. व्याज ७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्या वेळी इथे घरकर्ज त्याहून बरंच स्वस्त होतं.
आणि कर्ज माणसावर नव्हतं, त्या घराच्या वीज मीटरवर होतं! घर विकलं की नव्या मालकाच्या बिलात तो हप्ता यायचा. आम्ही घरं बघत होतो तेव्हा एक घर आवडलं, कागद बघताना वकिलाने दाखवलं की विजेच्या बिलात अजून पुष्कळ वर्षांचा हप्ता बाकी आहे. विकणाऱ्या बाईंना दारावर आलेल्या माणसाने "सरकारी आहे" म्हणून सही घेतली होती, त्यांना कर्ज घेतलंय हेच नीट माहीत नव्हतं. त्या रडायला लागल्या. आम्ही ते घर घेतलं नाही.
जुलै २०१५ मध्ये सरकारने योजनेचा निधी थांबवला. नंतर २०१६ मध्ये इथल्या सरकारी ऑडिट ऑफिसचा अहवाल आला, २४ कोटी पौंड खर्च आणि कर्ज घेणारी घरं जेमतेम १४ हजार.

पेठेतला
ताई माहिती चांगली आहे पण धागा बार्शीचा आहे, रेडिंगचा नाही. आपल्याकडे कर्ज मीटरवर नाहीये. विषय भरकटतो.

टेम्सकाठची
मीटरवर नाहीये हे मान्य. पण मुद्दा बचतीच्या अंदाजाचा आहे आणि तो बार्शीला पण लागू आहे. ज्याचं बिल मुळात कमी त्याने मोठी सिस्टीम कर्जाने घेतली तर बचत येणार कुठून?

माळरान
पेठेतला, त्यांचा मुद्दा अगदी विषयाला धरून आहे. आकडेच मांडतो.
महाराष्ट्रात १ किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं असं धरा, म्हणजे महिन्याला १२०. पावसाळ्यात कमी, मार्च ते मे जास्त. बार्शीकरांचा वापर सरासरी २२० च्या आसपास. त्यांना २ किलोवॅट पुरतं! ३ किलोवॅट ३६० युनिट बनवेल आणि वर्षाला दीड हजार युनिट जास्तीची होतील. ती जास्तीची वीज पुढच्या महिन्यांत ओढली जाते हे खरं, पण आर्थिक वर्ष संपलं, मार्च गेला, की शिल्लक राहिलेल्या युनिटचे पैसे वीज कंपनी तिच्या ठरलेल्या दराने देते, आणि तो दर आपण भरतो त्याच्यापेक्षा खूप कमी असतो. म्हणजे तिसरा किलोवॅट कर्ज काढून कंपनीसाठी बसवल्यासारखं होतं.
सबसिडी पण बघा. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला फक्त १८ हजार, आणि त्यापुढे काही नाही. ७८ हजारांवर थांबते. सोलरवाले ७८ हा आकडा मोठ्याने सांगतात कारण तो मोठा दिसतो, पण तिसऱ्या किलोवॅटचा बराचसा खर्च तुमच्याच खिशातून जातो.
आता हप्ता. त्यांचं कोटेशन २,१०,०००, दहा टक्के स्वतःचे, कर्ज १,८९,०००, ६ टक्क्यांनी दहा वर्षं, हप्ता साधारण २,१००. म्हणूनच तो म्हणतोय बिलाएवढा हप्ता. तेच २ किलोवॅट समजा १,४०,००० ला मिळालं तर कर्ज १,२६,०००, हप्ता १,४०० च्या आसपास, आणि ६० हजार सबसिडी कर्जात भरून हप्ता कमी करून घेतला तर साडेसातशेच्या आत. बिल वाचणार दोन हजाराच्या आसपास. हा हिशोब चांगला आहे! योजना वाईट नाहीच, तुमच्या वापरापेक्षा मोठी सिस्टीम गळ्यात मारणं वाईट आहे.

बार्शीकर
अरे बापरे माळरान, हे मी स्वतः कधी असं मांडलंच नसतं. तो माणूस तर म्हणत होता की २ किलोवॅट आता कोणी बसवतच नाही.

अनघा_नागपूर
बसवतात हो, आमच्याकडे दोनच आहे आणि मस्त चाललंय. फक्त पुढचा विचार करा, एसी घेणार आहात का? बाबांच्या वयाला बार्शीच्या उन्हाळ्यात एसी लागेल कधीतरी. स्ट्रक्चरला जागा ठेवून घ्या म्हणजे नंतर पॅनल वाढवता येतात.
आणि कोणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे पॅनल धुणं. आमच्याकडे रस्त्याच्या कामाची धूळ, महिनाभर नाही धुतलं तर युनिट खाली येतात ते ॲपवर दिसतं. सकाळी लवकर धुवायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी नाही मारायचं. आई-बाबा गच्चीवर चढून धुणार आहेत का हे आधी ठरवा. ठेकेदाराने पाच वर्षं देखभाल द्यायची असते योजनेत, पण देखभाल म्हणजे धुणं असं त्याला कधीच वाटत नाही, करारात काय लिहिलंय ते बघा.

कोकणी_फणस
आमच्याकडे धूळ नाही, माकडं आहेत. पॅनलवर घसरगुंडी खेळतात. सकाळी आई काठी घेऊन उभी असते आणि त्यांच्याशी मालवणीत भांडते. अजून तरी आई जिंकतेय :)
गंभीर बोलायचं तर विमा. २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ आलं तेव्हा आमच्या नातेवाईकांचे पत्रे उडाले, २०२१ ला तौक्ते. दहा वर्षांचं कर्ज आणि डोक्यावर उघडे पॅनल, मध्ये एक वादळ आलं तर हप्ता राहील आणि पॅनल शेजारच्या नारळात सापडतील. घराच्या विम्यात सोलर लेखी घालून घ्या. वर्षाला फार पैसे लागत नाहीत.

गच्चीकर
मराठवाडा आणि सोलापूरकडे गारपीट पण धरा.

विजयंत_सोलर
मी कराडकडे हेच काम करतो, छोटा धंदा आहे, सहा पोरं कामाला. इथे सगळे सोलरवाले चोर असं चित्र उभं राहतंय म्हणून लिहितो.
सबसिडीसाठी पॅनल डीसीआर लागतात, म्हणजे आतला सेल पण भारतात बनलेला. ते बाहेरच्या सेलवाल्यांपेक्षा महाग आहेत आणि माल उचलताना आम्हाला रोख द्यावे लागतात. इन्व्हर्टर रोख, स्ट्रक्चर रोख. बँक पैसे सोडते कधी तर फाइल फिरून आल्यावर. मीटर मिळायला उशीर होतो त्यात माझा काय दोष? गिऱ्हाईक म्हणतं मीटर लागेपर्यंत निम्मे पैसे ठेवतो. निम्मे ठेवले तर मी पुढच्या घराचा माल कुठून आणू? माझ्याकडे असे पैसे अडकलेले आहेत ज्यात काम पूर्ण आहे, मीटर चालू आहे, सबसिडी पण त्यांना आली, तरी "देतो की" चाललंय.

स्नेहल_क
दादा तुमचं दुखणं खरं असेल, पण आमच्या सासऱ्यांनी तर सगळे पैसे आधी दिले होते ना. त्यांना काय मिळालं?

विजयंत_सोलर
ताई त्यांच्यावर अन्याय झाला, त्याबद्दल मी वाद घालत नाही. अशा लोकांमुळे आमचं नाव जातं. माझं म्हणणं एवढंच की मधला रस्ता काढा. मी स्वतः १० ते १५ टक्के मीटर चालू होईपर्यंत मागे ठेवायला तयार असतो, ते करारात लिहून देतो. निम्मे नाही. जो दहा टक्के पण मागे ठेवायला तयार नाही त्याच्याकडे जाऊ नका, हे मी धंद्यात असून सांगतो.

माळरान
हे रास्त आहे. १० ते १५ टक्के, लेखी. बार्शीकर हे लिहून घ्या.

वायरीवाला
डीसीआर वरून आठवलं, हे नीट वाचा. माझ्या मावशीकडे सात पॅनल बसवले. मी वायरिंगचं काम करतो म्हणून पॅनल वर चढायच्या आधी प्रत्येकाच्या पाठीमागच्या स्टिकरचा फोटो काढला, खालच्या बाजूला सिरियल नंबर असतो, बारकोडच्या खाली. मग सोलरवाल्याने दिलेल्या सर्टिफिकेटशी एक एक नंबर लावला. पाच जुळले. दोन पॅनल त्याच कंपनीचे, त्याच साइझचे, पण नंबरची सुरुवातच वेगळी आणि यादीत नाहीत. विचारलं तर म्हणे गोडाऊनमधून चुकून आले असतील. चुकून असो नाहीतर मुद्दाम, पोर्टलवर नंबर टाकताना अडकलं असतं आणि सबसिडी मावशीची लटकली असती, कर्ज तिच्या नावावर. जागच्या जागी बदलून घेतले.
एकदा पॅनल स्ट्रक्चरला बसले की पाठ दिसत नाही, खाली झोपून टॉर्च मारावा लागतो. म्हणून जमिनीवर असतानाच फोटो.

अनघा_नागपूर
हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा खरंतर.

सॅक्रामेंटोकर
परदेशातलं लिहिलं की पेठेतला रागावतील :) पण थोडक्यात. कॅलिफोर्नियात पेस नावाचं कर्ज आहे, सोलर, खिडक्या, एसीसाठी, आणि ते घराच्या मालमत्ता करातून फेडायचं. कर म्हटलं की गृहकर्जाच्या पण आधी त्याचा हक्क. त्यामुळे असं कर्ज असलेलं घर विकताना, रिफायनान्स करताना लोक अडकले. दारावर येऊन टॅबलेटवर सही घ्यायचे, "हा सरकारी कार्यक्रम आहे" म्हणत. २०२३ मध्ये इथल्या ग्राहक संरक्षण संस्थेने अभ्यास केला, पेस घेतलेल्यांचा वर्षाचा मालमत्ता कर साधारण २,७०० डॉलरनी वाढला आणि गृहकर्ज थकण्याचं प्रमाण वाढलं असं निघालं. माझ्या शेजाऱ्यांचं वय झालंय, त्यांना कराचं बिल आलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की हप्ता असा वर्षातून एकदम येतो.
इंग्लंड काय नि अमेरिका काय, धोका एकाच ठिकाणी दिसतोय. विकणारा माणूस सरकारचं नाव पुढे करतो आणि समोरचा वयस्कर असतो.

पेठेतला
रागावलो नाही हो. उलट आता पटतंय. माझ्या आत्याला पण असाच फोन आला होता "सूर्यघर ऑफिसमधून बोलतोय" म्हणून, आणि व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवली होती, ॲप टाका म्हणजे अर्ज होईल. नशीब तिने माझ्या बहिणीला विचारलं. असं काही झालं तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार करा.

शाखाधिकारी_निवृत्त
अर्ज फक्त योजनेच्या सरकारी पोर्टलवर, ठेकेदार पण त्याच पोर्टलच्या यादीतला. आणि लॉगिन स्वतःच्या मोबाईल नंबरने करा. ठेकेदाराची मुलं स्वतःचा नंबर टाकून अर्ज भरतात, मग ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि तुमच्या अर्जाचं काय चाललंय ते तुम्हालाच दिसत नाही. ठेकेदार बदलायचा म्हटलं तरी अडकता.
अजून एक, काही शाखांत या कर्जाबरोबर जीवन विम्याची पॉलिसी गळ्यात घालतात. ती सक्तीची नाही. ठामपणे नाही म्हणा.

खान्देशी_ठेचा
एक साधा प्रश्न. आमच्याकडे लाइट दिवसातून कैकदा जाते. सोलर असलं की पंखा चालू राहील ना?

वायरीवाला
नाही! आणि हे कोणी सांगत नाही. ऑन ग्रिड सिस्टीम, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली, लाइट गेली की स्वतःच बंद होते, भर दुपारी ऊन असलं तरी. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक लागू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. लाइट गेल्यावर पण चालायला हवं तर बॅटरीवाली हायब्रीड लागते, तिचा खर्च वेगळा आणि बॅटरीला या योजनेत सबसिडी नाही. जिथे रोज दिवसा चार तास लाइट जाते तिथे ते चार तास वीज बनत पण नाही, म्हणजे बचतीचा हिशोब तेवढा कमी धरा. हप्ता पूर्णच.

खान्देशी_ठेचा
हे तर मला तीन सोलरवाल्यांपैकी एकानेही सांगितलं नाही. दादा खूप आभार.

सोसायटीची_सेक्रेटरी
अवांतर होईल पण आम्ही फ्लॅटवाले काय करणार? आमच्या सोसायटीत सामायिक मीटरला, लिफ्ट-पंप-जिन्याचे दिवे, बसवलं. सोसायटीला किलोवॅटला १८ हजार सबसिडी. सभेत सगळ्यात जास्त वाद कर्ज घ्यायचं का मेंटेनन्स वाढवायचा यावर झाला, तीन सभा त्यातच गेल्या. शेवटी सोसायटीच्या राखीव सिंकिंग फंडातून केलं.

गच्चीकर
तीन सभांत झालं म्हणजे तुमची सोसायटी फार शहाणी आहे. आमच्याकडे पार्किंगच्या पट्ट्यांवर चार वर्षं चालू आहे.

मीटर_रीडिंग
सबसिडी आल्यावर काय करायचं यावर कोणीच बोललं नाही. ती आपोआप कर्जात वळती होईल असं धरून चालू नका. माझ्या भावाची बचत खात्यात आली, दिवाळी होती, पोरीचं अॅडमिशन होतं, खर्च झाली. आता पूर्ण रकमेवर हप्ता चालू आहे. मुलांच्या शिक्षणाला पैसे लागले त्यात त्याला काय नावं ठेवणार, पण हिशोब बिघडला तो बिघडलाच. बँकेत जाऊन आधीच लेखी द्या की सबसिडी आली की कर्जात भरा, आणि भरल्यावर हप्ता कमी करायचा का मुदत, ते पण लिहून द्या. नाही सांगितलं तर बऱ्याचदा मुदत कमी होते आणि महिन्याचा हप्ता तेवढाच राहतो.
आणि उशिराची किंमत पण धरा, ६० हजार जितके महिने अडकले तितके महिने ६ टक्क्यांनी ३०० रुपये व्याज.

दुसरं म्हणजे नेट मीटर लागल्यावर पहिली दोन-तीन बिलं डोळ्यात तेल घालून बघा. त्यात घेतलेले युनिट, दिलेले युनिट आणि पुढे ओढलेले असे वेगळे आकडे यायला हवेत. आमच्या पहिल्या बिलात दिलेले युनिट शून्य होते, मीटरच्या डिस्प्लेवर १८० दिसत होते. डिस्प्लेचा फोटो तारखेसकट काढून अर्ज दिला तेव्हा दुरुस्त झालं. स्थिर आकार (वापर कितीही असो, दर महिन्याला लागणारी ठरलेली रक्कम) मात्र भरावाच लागतो, "शून्य बिल" असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

माळरान
नियम बदलण्याचा धोका पण आहे. कर्ज दहा वर्षांचं, नेट मीटरिंगचे नियम दहा वर्षं असेच राहतील याची लेखी खात्री कोणी देत नाही. २०२५ च्या सुरुवातीला महावितरणच्या दर प्रस्तावात दिवसा बनलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा करण्यावर मर्यादा आणायची गोष्ट आली तेव्हा सोलरवाल्या ग्राहकांनी केवढी ओरड केली होती. म्हणून माझं मत, दहा वर्षांची मुदत घ्या पण चार-पाच वर्षांत फेडून टाकायच्या बेताने चाला. पंपाला, वॉशिंग मशीनला दिवसाच चालवायची सवय लावा, म्हणजे नियम बदलला तरी फटका कमी.

टेम्सकाठची
हे फार पटलं. इथे पण योजना दोन-अडीच वर्षांत गुंडाळली पण ज्यांची कर्जं होती त्यांची चालूच राहिली.

बार्शीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बार्शीला जाऊन आलो आणि हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. वायरीवाल्यांचा लाइट गेल्यावर बंद पडण्याचा मुद्दा ऐकून बाबा पहिल्यांदा गप्प झाले, कारण त्यांचा सगळा जीव त्यातच होता.
सोलरवाल्याला बोलावलं होतं. २ किलोवॅटला तयार झाला, दर १,४५,००० सांगितला. शेवटचे १५ टक्के मीटर चालू झाल्यावर, हे करारात लिही म्हटल्यावर म्हणाला की कंपनीत विचारतो. अजून फोन नाही. दुसऱ्या दोघांची कोटेशन्स मागवली आहेत.
पण खरा घोळ वेगळाच निघाला. विजेचं बिल अजून आजोबांच्या नावावर आहे, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आणि घराच्या उताऱ्यावर बाबा आणि काका दोघांची नावं. बाबा म्हणाले बिल कोणाच्या का नावावर असेना, आपण भरतोय ना. यात काय अडचण येईल?

शाखाधिकारी_निवृत्त
येईल. अर्ज वीज ग्राहक क्रमांकावर होतो आणि बिलावरचं नाव, आधार, बँक खातं हे जुळायला लागतं. मयत व्यक्तीच्या नावावर सबसिडी येणार नाही आणि कर्ज तर नाहीच. आधी वीज जोडणी बाबांच्या नावावर करून घ्या, मृत्यू दाखला आणि वारसांची संमती लागेल. आणि काकांकडून छताबद्दल लेखी ना हरकत घ्या, साध्या चिठ्ठीवर नको, स्टॅम्पवर. दहा वर्षांत वाटणी निघाली तर पॅनल कोणाच्या वाट्याच्या छतावर आहेत हा प्रश्न येतोच. माझ्या शाखेत अशा वादात एका घराचं स्ट्रक्चर उतरवावं लागलं आणि कर्ज मात्र शेवटपर्यंत धाकट्या भावानेच फेडलं.

बार्शीकर
काकांशी संबंध चांगले आहेत, पण कागद मागितला तर वाईट वाटेल का ही बाबांना भीती.

स्नेहल_क
बाबांनी मागण्यापेक्षा तुम्ही मागा. "काका, बँक मागतेय" म्हणा, खोटं पण नाही. आणि त्यांना पण सांगा की तुमच्या हिश्श्याला नंतर बसवायचं झालं तर जागा सोडतोय.

बार्शीकर
हे जमेल. काकांना रविवारी जेवायला बोलावलंय, आई पुरणपोळी करणार आहे. नाव बदलायचा अर्ज सोमवारी देतो. तो झाल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करायची नाही असं बाबांनी स्वतःच ठरवलंय.

वायरीवाला
अर्ज देताना जोडणीचा मंजूर भार किती आहे ते पण बघून घ्या बिलावर. जुन्या घरांना अर्धा-एक किलोवॅटच असतो. सोलरसाठी वाढवावा लागला तर नाव बदलतानाच त्याचं विचारा, परत वेगळा हेलपाटा नको.